मागाहून कोरलेली वर्षे: मंकी पंच यांच्या नावाच्या एका लायटरचे प्रकरण

कोल्हापूरचे माझे एक स्नेही गेली वीसहून अधिक वर्षे लायटर जमवत आहेत. त्यांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही आणि काचेच्या कपाटातल्या एकाही लायटरमध्ये कधी तेल घातलेले नाही. त्यांच्याकडे एक जाड नोंदवही आहे. तिच्यात प्रत्येक लायटरला एक पान असते, आणि पान पुरे झाल्याखेरीज वस्तू कपाटात ठेवायची नाही, असा त्यांचा दंडक आहे. मी तोक्योच्या एदोगावा भागात निशी-कासाईला राहतो. तिथे भारतीयांची आणि त्यांत मराठी माणसांचीही बरीच वस्ती असल्यामुळे गावाकडच्या फर्माइशींची आम्हा सगळ्यांनाच सवय आहे. तिकडून गोडा मसाला आणि कांदा-लसूण चटणी येते, इकडून सुऱ्या, पेने आणि क्वचित असल्या वस्तू जातात. स्नेह्यांची मागणी नेमकी होती. मंकी पंच यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ निघालेला झिपो लायटर त्यांना हवा होता, न वापरलेला आणि शक्य तर पेटीसह.

मंकी पंच हे काझुहिको कातो यांचे टोपणनाव. त्यांचा जन्म २६ मे १९३७ रोजी होक्काइदोच्या पूर्व टोकाकडील हामानाका या गावी झाला आणि ११ एप्रिल २०१९ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्यांची जगभर गाजलेली निर्मिती म्हणजे ‘लुपिन द थर्ड’. फुताबाशा या प्रकाशनसंस्थेच्या ‘मांगा ॲक्शन’ या साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात, १० ऑगस्ट १९६७ रोजी, ही चित्रकथा सुरू झाली. फ्रेंच लेखक मोरिस लब्लांक यांनी १९०५ मध्ये उभ्या केलेल्या आर्सेन ल्युपॅन या साहेबी चोराचा हा नातू. त्याच्याबरोबर टोपी डोळ्यांवर ओढणारा नेमबाज जिगेन, तलवारबाज गोएमोन, कोणाचीच नसलेली फुजिको आणि या सगळ्यांच्या मागावर जन्म घालवणारा पोलीस अधिकारी झेनिगाता. लुपिन आणि जिगेन यांच्या ओठांतून सिगारेट सहसा सुटत नाही, म्हणून या पात्रांची चित्रे असलेले लायटर जपानमध्ये आजवर पुष्कळ निघाले. मांगातल्या, म्हणजे जपानी चित्रकथांतल्या, बहुतेक पात्रांच्या बाबतीत लायटर ही बाहेरून चिकटवलेली वस्तू वाटते. इथे ती कथेतच आहे.

नाकानो भागातील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मला तसा लायटर दिसला. चिठ्ठीवर हाताने लिहिले होते: मंकी पंच, ‘त्सुइतो’, न वापरलेला. ‘त्सुइतो’ म्हणजे मृत व्यक्तीसाठी केलेला शोक, श्रद्धांजली. लायटर ऑक्सिडाइज्ड रुपेरी रंगाचा होता. पुढच्या बाजूला लांबच लांब हातपाय फेकत पळणारा लुपिन, फक्त रेषांत. मागच्या बाजूला रोमन अक्षरांत मंकी पंच हे नाव, त्याखाली १९३७ आणि २०१९ ही वर्षे. अरुंद कडेवर अनुक्रमांक. पेटी होती, पण आतला माहितीचा कागद नव्हता. किंमत ९,८०० येन. मी फोटो पाठवले आणि अर्ध्या तासात उत्तर आले: “चित्र छान आहे, पण आधी तळ वाचून सांगा.”

तळावरचा शिक्का

झिपो कंपनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रॅडफर्ड या गावची. जॉर्ज ब्लेसडेल यांनी १९३२ मध्ये तिची सुरुवात केली, आणि लायटर बिघडला तर फुकट दुरुस्त करून देण्याची तिची हमी आजही कायम आहे. संग्राहकांसाठी मात्र त्या हमीपेक्षा तळावरचा शिक्का महत्त्वाचा असतो. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून कंपनी तळावर ठिपके आणि रेघा अशा खुणांनी वर्ष सांगू लागली. १९८६ पासून रोमन अंक आले आणि २००१ पासून वर्षाचे शेवटचे दोन आकडे सरळ छापले जाऊ लागले. नावाच्या डावीकडे महिन्याचे अक्षर असते. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी, असे ‘एल’पर्यंत. उजवीकडे वर्ष असते. अनोळखी लायटर हातात आला की माहीतगार माणूस तो आधी उलटा करतो, चित्र नंतर पाहतो.

या लायटरच्या तळावर डावीकडे ‘सी’ आणि उजवीकडे ‘१७’ होते, म्हणजे मार्च २०१७. आतला संच, म्हणजे वात, चकमक आणि तेल शोषणारे बोळे ज्यात असतात तो भाग, बाहेर ओढून पाहिला तर त्यावर ‘बी’ आणि ‘१७’ होते. कवच आणि आतला संच वेगवेगळे तयार होतात, त्यामुळे एखाद्या महिन्याचा फरक नेहमीचाच असतो आणि त्यावरून शंका घ्यायची नसते. शंका वेगळीच होती. मार्च २०१७ मध्ये मंकी पंच हयात होते. जे पितळ त्यांच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी ठोकले गेले, त्याच्यावर त्यांच्या मृत्यूचे वर्ष आले कसे?

या प्रश्नाची तीन उत्तरे संभवत होती. एक, लायटर बनावट आहे. दोन, कोरा लायटर २०१७ चा असून त्यावरचे नक्षीकाम २०१९ नंतरचे आहे. तीन, लायटर आणि चित्र दोन्ही २०१७ च्या सुमाराचे असून वर्षे मागाहून कोणीतरी घातली आहेत. किंमत सोडाच, नोंदवहीतले पान काय म्हणणार, तेच या उत्तरावर ठरणार होते.

बनावटीचा प्रश्न लवकर सुटला. तळावरची अक्षरे खोल आणि स्वच्छ कडांची होती; नकली मालात ती बहुधा उथळ आणि पसरट उमटतात. बिजागरीची पाचही नळकांडी सरळ रेषेत होती, झाकण उघडताना तो ओळखीचा टणक ‘टक्’ आवाज येत होता आणि संच कवचात घट्ट पण सहज बसत होता. न वापरल्याचा दावाही खरा ठरला. वात शेंड्यापर्यंत पांढरी होती, आणि तिच्याभोवतीच्या भोकांच्या जाळीवर ज्योतीच्या आचेने येणारी निळसर-तपकिरी झाक कुठेच नव्हती. तळाची नमद्याची गादी उचलून हुंगली तरी तेलाचा वास आला नाही. दुकानदार हे सगळे शांतपणे पाहत उभा होता. तिकडे वस्तू अशी हुंगून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचे कोणाला विशेष वाटत नाही.

दुसरी शक्यता इतक्या सहज बाजूला सारता येत नव्हती, आणि हौशी संग्राहक नेमके इथेच चुकतात. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या नक्षीदार झिपोंपैकी पुष्कळ लायटर ब्रॅडफर्डहून कोरे येतात आणि त्यांच्यावरचे काम जपानी कारागीर किंवा कंपन्या करतात. आम्लाने कोरणे, विद्युत-प्रक्रियेने पातळ धातूचे उठावदार पत्रे घडवून ते बसवणे, शिंपल्याचे तुकडे जडवणे, चांदीचा मुलामा देऊन तो काळवंडवणे ही सगळी कामे तिथली. कोरा माल किती काळ गोदामात पडून राहील, याला नियम नाही. म्हणून तळावरचा शिक्का धातूची तारीख सांगतो, चित्राची नाही. चित्र त्या महिन्याच्या आधीचे असू शकत नाही, एवढेच तो खात्रीने सांगतो. ते किती नंतरचे असेल, याबद्दल तो गप्प असतो. २०१७ चे कवच २०१९ मध्ये स्मरणार्थ नक्षी करण्यासाठी वापरले जाणे अगदी शक्य होते. मी हे स्नेह्यांना लिहिले आणि दुकानदाराला वस्तू दोन दिवस बाजूला ठेवण्याची विनंती करून घरी आलो.

चित्र कोणाचे

मधल्या दोन दिवसांत मी फोटो आणि चित्रकथेची पाने शेजारी ठेवून एक वेगळी गोष्ट तपासली, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अर्थपूर्ण भाग हाच आहे. लुपिन सर्वांच्या ओळखीचा झाला तो दूरचित्रवाणीमुळे. पहिली ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची, मालिका ऑक्टोबर १९७१ ते मार्च १९७२ या काळात चालली, तिचे २३ भाग झाले आणि तेव्हा तिला फारसे प्रेक्षक मिळाले नाहीत. दुसरी मालिका १९७७ ते १९८० अशी चालली, तिचे १५५ भाग झाले आणि लुपिन घराघरांत पोहोचला. पहिल्या मालिकेतला हिरवा कोट, दुसरीतला लाल, १९८४ च्या तिसरीतला गुलाबी. जपानी चाहते कोटाच्या रंगावरून काळ ओळखतात. १९७९ मध्ये हायाओ मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो’ने तर लुपिनचा स्वभावच मऊ केला, तिथला लुपिन मुलीच्या सुटकेसाठी जीव धोक्यात घालणारा आणि शेवटी स्वतःला आवरणारा सज्जन आहे. मूळ चित्रकथेतला लुपिन तसा नाही. तो लबाड, कामुक आणि वेळप्रसंगी निर्दय आहे, आणि वाचकाने त्याच्यावर जीव लावावा अशी त्याची मुळीच अपेक्षा नाही.

हा फरक रेषेतही आहे. हलणाऱ्या चित्रांसाठी शेकडो हातांना एकच आकृती पुन्हा पुन्हा काढावी लागते, त्यामुळे तिची बाह्यरेषा बंद, सारखी आणि सोपी करावी लागते. पहिल्या मालिकेसाठी यासुओ ओत्सुका यांनी ते काम केले, आणि त्याबरोबरच वॉल्थर पी-३८ पिस्तूल, मर्सिडीज एसएसके मोटार अशा खऱ्या वस्तू तपशिलाने चितारण्याचा पायंडाही पाडला. मंकी पंच यांची स्वतःची रेषा याच्या उलट आहे. ते अमेरिकेच्या ‘मॅड’ मासिकातल्या व्यंगचित्रकारांच्या, विशेषतः मॉर्ट ड्रकर यांच्या, प्रभावाखाली वाढले. त्यांच्या लुपिनचे हात-पाय कापडाच्या चिंध्यांसारखे उडतात, रेषा मध्येच सुटते, मध्येच जाड होते, आणि घाईत ओढलेल्या तिरप्या रेघांनी सावली भरलेली असते. हे चित्र हलवायला अवघड, पण कागदावर मात्र ते आपणहून हलते.

लायटरवरचा लुपिन या दुसऱ्या जातीचा होता. गुडघ्याजवळ रेषा तुटलेली होती, कोटाच्या पाठीवर तिरप्या रेघा होत्या आणि चेहरा माकडाच्या जवळ जाणारा होता. पेटीवरच्या हक्कओळीनेही, म्हणजे स्वामित्वहक्क कोणाचा हे सांगणाऱ्या ओळीनेही, तेच सांगितले. ॲनिमेवरून काढलेल्या वस्तूंवर सहसा ‘मूळ कथा: मंकी पंच’ असे लिहून हक्क निर्मात्या ॲनिमेशन कंपनीच्या नावे दाखवलेला असतो. या पेटीवर फक्त मंकी पंच हेच नाव होते. चित्रकाराचा गौरव म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वस्तूंवर त्याने कधीच न ओढलेली रेषा असते, हे लक्षात घेतले की ही गोष्ट लहान राहत नाही. लाल कोटातला गुळगुळीत लुपिन काढून त्याखाली मंकी पंच यांचे नाव घातले, तर ती श्रद्धांजली अर्ध्याहून अधिक दुसऱ्यांच्या वाट्याला जाते, आणि ती त्यांची असतेही. फक्त तसे म्हणायला हवे. ज्याने कोणी हा लायटर काढला, त्याला कोणाचा गौरव करायचा आहे हे नीट कळले होते.

एक गोष्ट मला खटकली तीही सांगतो. गौरव जर जीवनाचाही असेल, तर या लायटरवर हामानाका कुठे आहे? कुशिरोहून नेमुरोला जाणाऱ्या हानासाकी मार्गावर लुपिन आणि त्याच्या टोळीची चित्रे असलेला रेल्वेचा डबा धावलेला आहे, हामानाकाच्या सांस्कृतिक केंद्रात मंकी पंच यांच्या कामाचे कायमचे दालन आहे आणि तिथल्या स्थानकांवर पात्रांच्या पूर्णाकृती पाट्या उभ्या आहेत. समुद्रात कोंबू हे खाण्याचे समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या, धुक्याने भरलेल्या एका गावचा मुलगा तोक्योला आला आणि युरोपच्या जुगारघरांत वावरणारा चोर चितारू लागला, हा त्या आयुष्यातला विलक्षण भाग लायटरच्या कवचावर मावत नाही. नावाचेही तसेच आहे. ‘मंकी पंच’ हे नाव संपादकाने सुचवले होते. चित्रकार कोणत्या देशाचा आहे हे वाचकाला कळू नये, असा त्यामागचा विचार. कातो यांना ते आवडले नव्हते आणि काही काळापुरते वापरून सोडून देण्याचा त्यांचा बेत होता. लायटरवर तेच नाव आहे आणि त्याखालची वर्षे मात्र काझुहिको कातो यांची आहेत.

भिंगाखाली

तिसऱ्या दिवशी मी दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन दुकानात गेलो. पुढचे चित्र, मागचे नाव आणि कडेचा अनुक्रमांक या तिन्हींची खोबण एकाच प्रकारची होती: तळ सपाट आणि किंचित खडबडीत, कडा थोड्या गोलसर, आणि तळाशी सगळीकडे सारखा काळा थर. हे आम्लाने कोरल्याचे लक्षण आहे. आधी कोरणे, मग मुलामा देणे, मग सगळे काळवंडवणे आणि शेवटी वरचा भाग घासून उजळणे, असा या कामाचा क्रम असतो. त्यामुळे खोलगट भागात काळेपणा राहतो आणि उठावाचा भाग रुपेरी दिसतो.

वर्षांचे आकडे वेगळे होते. त्यांची खोबण अरुंद, टोकदार आणि इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची होती, तिच्या दोन्ही काठांवर धातूची बारीक धार वर आलेली होती, आणि तळाशी काळा थर नव्हता, उलट काळ्या-रुपेरी पृष्ठभागाला भेदून खालची उजळ रेघ चमकत होती. म्हणजे काळवंडवणे आणि उजळणे ही शेवटची कामे झाल्यानंतर हे आकडे आले होते. अशी रेघ हिऱ्याचे टोक असलेले, धातू ओरखडत जाणारे यंत्र काढते. आपल्याकडे कबड्डीच्या चषकावर मंडळाचे नाव कोरून देणाऱ्या दुकानात असते तसलेच हे यंत्र. जपानमध्ये भेटवस्तूवर नाव घालून देण्याची पद्धत सर्रास आहे आणि लायटरवर तर ती फार जुनी आहे.

भिंग नसते तरी मांडणीने हेच सांगितले असते, हे मला नंतर जाणवले. मंकी पंच हे नाव मागच्या बाजूच्या बरोबर मध्यावर होते, वर आणि खाली सारखी मोकळी जागा सोडून. ज्याला नावाखाली वर्षेही घालायची असतात, तो नाव थोडे वर सरकवतो. इथे वर्षे नावाखालच्या मोकळ्या जागेत कशीबशी बसवलेली होती, खालच्या कडेला जवळजवळ टेकून, आणि आकड्यांचे वळणही नावाच्या अक्षरांशी जुळत नव्हते. इतके दिवस मी हे चित्र फोनवर पाहत होतो, आणि ही गोष्ट डोळ्यांसमोर असून मला दिसली नव्हती, कारण चिठ्ठीवर ‘त्सुइतो’ लिहिलेले होते आणि मी वर्षांचा अर्थ लावण्यात गुंतलो होतो.

तर निष्कर्ष तिसऱ्या शक्यतेच्या बाजूने गेला. लायटर मंकी पंच यांच्या नावाने निघाला, तेव्हा त्याच्यावर मृत्यूचे वर्ष नव्हते. २०१७ हे लुपिनचे पन्नासावे वर्ष होते. मार्च महिन्याचे कवच आणि ऑगस्टमधली पन्नाशी यांचा मेळ बसतो, म्हणून त्या निमित्ताने निघालेल्या वस्तूंपैकी हा असावा असे मी धरतो. हे अनुमान आहे, आणि नोंदीत ते अनुमान म्हणूनच लिहिले पाहिजे. मंकी पंच त्या वेळी ऐंशीव्या वर्षात होते. म्हणजे ज्याला आम्ही दोघे श्रद्धांजली समजत होतो तो एका जिवंत माणसाचा सत्कार होता, आणि एप्रिल २०१९ नंतर कोणीतरी तो लायटर कोरणाऱ्याकडे नेऊन त्याची श्रद्धांजली करून घेतली.

बाजाराच्या हिशेबात हा दोष आहे. मर्यादित संख्येने निघालेल्या, अनुक्रमांक असलेल्या वस्तूवर मागाहून काहीही कोरले की ती ‘मूळ स्थितीत’ राहत नाही आणि तिची किंमत उतरते. शिवाय त्या कोरण्यामुळे वस्तू अधिक दुर्मीळ भासत असेल, तर तिच्याकडे दुप्पट सावधपणे पाहावे लागते. मी दुकानदाराला भिंग दिले. त्याने बराच वेळ पाहिले, दोनदा मान लववून क्षमा मागितली, चिठ्ठी काढून घेतली आणि किंमत ६,५०० येन केली. एका घरातून एकगठ्ठा आलेल्या सामानात हा लायटर होता आणि वर्षे पाहूनच आपण ती चिठ्ठी लिहिली, असे तो म्हणाला. मला त्याचे म्हणणे पटले. फसवायचे असते तर आकडे काळवंडवून घेणे काही अवघड नव्हते. तसे न करता उजळ सोडलेले आकडे विकण्यासाठी कोरलेले नसून स्वतःसाठी कोरलेले असतात.

त्या मूळ मालकाबद्दल मी पुष्कळ विचार केला. त्याने न पेटवलेला, अनुक्रमांक असलेला लायटर दोन-अडीच वर्षे जपला. नंतर चित्रकार गेल्याची बातमी आली आणि वस्तूची किंमत कमी होईल हे बहुधा ठाऊक असूनही त्याने त्यावर चार-चार आकडे कोरून घेतले. कारखान्यातून शेकड्यांनी निघालेल्या स्मरणवस्तूपेक्षा हे कृत्य मला जास्त खरे वाटते. पण माझे वाटणे आणि वस्तूचे वर्णन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. चिठ्ठीवरचा ‘त्सुइतो’ हा शब्द भावनेच्या दृष्टीने बरोबर आणि माहितीच्या दृष्टीने चूक होता. आणि इथे एक अवघड गोष्टही आहे, ती टाळता येत नाही. न्यूमोनियाने गेलेल्या माणसाची आठवण सिगारेट पेटवण्याच्या साधनावर कोरलेली आहे. जपानमध्ये एप्रिल २०२० पासून उपाहारगृहांसह बहुतेक सार्वजनिक जागांच्या आत धूम्रपानाला कायद्याने तत्त्वतः बंदी आहे, आणि लुपिनच्या ओठांतली सिगारेट आता त्याच्या पिस्तुलाइतकीच जुन्या काळातली वस्तू होत चालली आहे. कोरणाऱ्याने हे सगळे मनात आणले असेल असे नाही. पण तो लायटर त्याने कधीच पेटवला नाही, हे वात सांगते.

प्रवास आणि पान

मी सगळा अहवाल फोनवर सांगितला, तेव्हा स्नेही थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला कंपनीने काढलेला स्मरणार्थ लायटर हवा होता, हा तो नव्हे. पण सोडू नका. घ्या.” मी कारण विचारले. “माझ्या कपाटात माणसांनी काही लिहिलेला एकही लायटर नाही. सगळे कारखान्यातून आले तसेच आहेत,” ते म्हणाले.

पुढचा प्रश्न तो कोल्हापूरला नेण्याचा होता. तेल भरलेला लायटर टपालाने विमानातून पाठवता येत नाही. तोक्योहून निघताना एक लायटर अंगावर बाळगायला हरकत नसते, पण भारतातल्या विमानतळांवर हातातल्या सामानात लायटर चालत नाही, आणि मला तर मुंबईहून पुढे दुसरे विमान घ्यायचे होते. कधीच तेल न भरलेला लायटर नियमाच्या दृष्टीने निरुपद्रवी असला, तरी तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या जवानाला मी वात पांढरी कशी आहे हे पटवून देणार, आणि तोवर माझ्यामागची रांग थांबणार, हे मला काही खरे वाटेना. एकदा टोपलीत टाकलेली वस्तू परत मिळत नाही.

यावर संग्राहकांत एक जुना उपाय आहे. झिपोचे कवच आणि आतला संच सुटे होतात. कवचात चकमक नाही, वात नाही, त्यामुळे नुसते कवच म्हणजे बिजागरी असलेली पितळेची डबी. तो संच प्रमाण मापाचा असतो आणि दुसरा कुठेही मिळतो. अडचण एवढीच की कवचाबरोबर जन्मलेला फेब्रुवारी २०१७ चा संच निराळा केला, तर मूळपणाला आणखी एक धक्का बसतो. पूर्ण वस्तू धोक्यात घालावी की अर्धी सुरक्षित न्यावी, यावर आमचे दोन फोन झाले. शेवटी स्नेह्यांनीच निकाल दिला: कवच आणि रिकामी पेटी माझ्या चेक-इन सामानातून यावी, संच तोक्योत राहावा, आणि नोंदीत तसे लिहावे. कोल्हापूरला त्यांनी कवचात दुसरा कोणताही संच घातला नाही. ते रिकामेच ठेवले आहे, झाकण किंचित उघडे.

नोंदवहीतले पान त्यांनी माझ्यासमोर लिहिले. मजकूर असा: “झिपो, कवच मार्च २०१७. चित्र व नाव आम्लाने कोरलेले, मूळ मांगातील रेषेप्रमाणे, ॲनिमेप्रमाणे नव्हे. लुपिनच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त काढलेला असावा (अनुमान). मागील बाजूची १९३७ व २०१९ ही वर्षे पूर्वीच्या मालकाने एप्रिल २०१९ नंतर यंत्राने कोरून घेतलेली. न वापरलेला. पेटी आहे, माहितीचा कागद नाही. आतील संच फेब्रुवारी २०१७, निशी-कासाई येथे.” ‘प्रकार’ या रकान्यात त्यांनी आधी ‘स्मरणार्थ’ लिहिले, मग ते एका रेघेने खोडले आणि शेजारी ‘गौरवार्थ’ लिहिले. खोडलेला शब्द वाचता येतो. तो रबराने पुसून टाकू का, असे मी विचारले, तर त्यांनी वही मिटली आणि जेवायला चला म्हणाले.